वळवाच्या वाऱ्यात बुडालेली आगबोट

शिरूरची घोड भीमेला मिळते आणि भीमा दौंडवरून पुढे उजनीच्या फुगवट्यात शिरते. मे महिन्यात या पाण्यावर वारा कसा अचानक उठतो, हे इथल्या श्रोत्यांना सांगायला नको. तसाच वारा 21 मे 1836 रोजी युफ्रेटिस नदीवर उठला आणि ‘टायग्रिस’ ही वल्हेचाकांची आगबोट काही मिनिटांत तळाला गेली.

या बोटीचा मुंबईशी जवळचा संबंध आहे. विलायतेचे टपाल तेव्हा आफ्रिकेला वळसा घालून यायचे, त्यात महिनेच्या महिने जायचे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ आगबोट मार्च 1830 मध्ये सुवेझला निघाली. तिच्यात जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावायचा, आणि एडनच मुळी अकरा दिवसांवर! शेवटी राहण्याच्या खोल्यांतही कोळसा भरला. ती पोचली, पण खर्च डोळे पांढरे करणारा होता. मग प्रश्न आला : युफ्रेटिस नदीचा रस्ता का नको?

ब्रिटिश पार्लमेंटने 20,000 पौंड मंजूर केले. कॅप्टन चेस्नीच्या हाताखाली ‘युफ्रेटिस’ आणि ‘टायग्रिस’ अशा दोन लोखंडी बोटी लेअर्डच्या जहाजबांधणी कारखान्यात तयार झाल्या. त्यांचे सुटे भाग भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर उतरवून, बैलांकरवी डोंगर-चिखलातून ओढत युफ्रेटिसकाठच्या बिरेजिकला नेले. एकेक बॉयलर हलवायला बैलांच्या कितीतरी जोड्या लागत. माणसे तापाने फणफणली, पण बोटी जोडल्या गेल्या.

21 मेच्या त्या दुपारी क्षितिजावर धुळीची भिंत उभी राहिली. ‘युफ्रेटिस’ काठाला लागली आणि साखळदंडांनी जखडली गेली. ‘टायग्रिस’ही काठाला टेकली, पण धक्क्याने उलट फिरून धारेत ओढली गेली. खिडक्यांतून पाणी आत घुसले. सुमारे 20 माणसे गेली. बोटीचा कप्तान हेन्री ब्लॉस लिंच हा मुंबईच्या आरमारातला अधिकारी. तो वाचला, त्याचा सख्खा भाऊ वाचला नाही.

उथळ नदीसाठी बोट सपाट बुडाची करावी लागते. मग पाण्याखाली तिचे अंग कमी राहते, वरचे सगळे वाऱ्याच्या तोंडी. दोष खलाशांचा नव्हता. उजनीत 21 मे 2024 रोजी, योगायोगाने त्याच तारखेला, कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, एक जण पोहून काठाला लागला. एकशे अठ्ठ्याऐंशी वर्षांनंतरही लहान बोटीला तेवढाच धोका आहे, ही गोष्ट अस्वस्थ करते.

‘युफ्रेटिस’ जूनमध्ये बसऱ्याला पोचली. टपालाने मात्र पुढे सुवेझचाच रस्ता धरला. भाऊ गमावलेल्या लिंचने त्या नद्या सोडल्या नाहीत. 1837 पासून त्याने टायग्रिस नदीचे सर्वेक्षण केले, आणि 1861 साली त्याच्या भावांनी त्याच नदीवर आगबोटींची कंपनी काढली.