गुडघ्याचा हिशेब



मी डॉक्टर नव्हे. कामगारांचे अर्ज लिहिताना जे वाचावे लागले, चार डॉक्टरांना विचारावे लागले, तेवढेच सांगतो.

आमच्या युनियनमध्ये लेथवर काम करणारा एक जण होता. चाळिशीच्या आतच त्याचा उजवा गुडघा पुरता वाकेना, की सरळ होईना. कामचुकार म्हणून नोटीस मिळाली, तेव्हा तो माझ्याकडे आला. त्याला हिमोफिलिया होता.

या रोगात रक्त गोठवणारा आठवा घटक, काहींत नववा, जन्मतःच कमी असतो. लोकांना वाटते, कापले की रक्त थांबत नाही एवढेच. खरी नासाडी आत होते. सांध्यात रक्त उतरते, त्यातले लोह आतल्या अस्तरात साचते, अस्तर सुजते, आणि सुजलेल्या अस्तरातून पुन्हा रक्त येते. शेवटी कूर्चा नाहीशी होऊन हाडावर हाड घासते.

अशा जागी धातूचा व प्लास्टिकचा सांधा बसवता येतो. वेदना बहुधा जातात. गेलेले वाकणे मात्र सगळे परत येत नाही.

आता हिशेब पाहा. 2017 साली सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, हे बरे झाले. पण या रोग्याला औषधच भारी पडते. किलोमागे 1 युनिट दिले की आठवा घटक सुमारे 2 टक्के वाढतो. 60 किलोच्या माणसात तो शून्यावरून 100 टक्क्यांवर न्यायला 3000 युनिटे लागतात, आणि सुमारे 12 तासांत त्यातले निम्मेच उरते! शस्त्रक्रियेनंतरही कित्येक दिवस, पुढे व्यायामाच्या वेळीही ते देत राहावे लागते. मध्येच साठा संपून कसे चालेल?

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने हिमोफिलियाला दिव्यांगत्व मानले. परंतु त्याच कायद्याच्या 34 व्या कलमात, राखीव नोकऱ्यांच्या यादीत, रक्ताच्या विकारांचे नाव नाही. आधी सांधे मोडू द्यावेत आणि मग अस्थिव्यंग म्हणून अर्ज करावा, असाच याचा अर्थ मला लागतो.

आमच्या माणसाची शस्त्रक्रिया झाली. महिनाभर भांडल्यावर नोटीस मागे घेण्यात आली. आता तो बसून मापे तपासतो. त्याच्या भाच्यालाही हाच रोग निघाला. पण त्याला रक्त उतरण्याची वाट न पाहता घटक टोचतात. स्वीडनमध्ये 1958 पासून ही पद्धत रूढ होत गेली. पोरगा सात वर्षांचा आहे, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढतो.