नकाशावरील रेघ आणि आपला इतिहास



आजच्या सभेत मी रस्त्यांविषयी बोलणार आहे. धम्मबांधवांच्या सभेत रस्त्यांचे काय काम, असा प्रश्न आपणांपैकी काहींच्या मनात येईल. परंतु रस्ता म्हणजे केवळ खडी आणि डांबर नव्हे. रस्ता कोठून न्यावयाचा हे जेव्हा ठरते, तेव्हाच त्याच्या वाटेतील काय राहावयाचे आणि काय जावयाचे हेही ठरून जाते. हा निर्णय यंत्रे दारात येऊन उभी राहतात त्या दिवशी होत नाही. तो त्यापूर्वी कित्येक वर्षे, एखाद्या कचेरीत नकाशावर रेघ ओढली जाते तेव्हाच होतो. त्या वेळी नकाशावर ज्याची खूण नसते, ते रेघ ओढणाऱ्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. आपण मोर्चा काढतो तो यंत्रे आल्यावर. म्हणून आपण बहुधा हरतो.

हे केवळ तर्काने सांगत नाही. आपल्याच इतिहासात याचा पुरावा आहे. भगवान बुद्धांनी ज्या सारनाथला पहिला उपदेश केला, त्या सारनाथचे काय झाले ते पाहा. एकोणिसाव्या शतकात काशीजवळ वरुणा नदीवर पूल बांधण्यात आले. एका पुलाच्या खांबांना पाण्याचा मार लागू नये म्हणून सारनाथच्या ४८ मूर्ती आणि इतर कोरीव शिळा नदीत टाकण्यात आल्या. दुसऱ्या, लोखंडी पुलाच्या कामी सारनाथच्या वास्तूंचे ५० ते ६० गाड्या दगड वापरण्यात आले. बिहारमध्ये गंगाकाठी सुलतानगंज येथे १८६१-६२ च्या सुमारास रेल्वेचे काम चालू होते. खडीसाठी जुन्या विहाराचे अवशेष खणताना तेथे दोन मीटरांहून उंच, सुमारे ५०० किलो वजनाची तांब्याची बुद्धमूर्ती सापडली. ती इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरी गेली व आजही तेथील संग्रहालयात आहे. मूर्ती परदेशी गेली आणि विहाराच्या विटा रुळांखाली गेल्या.

हे करणारे अभियंते बुद्धाचे वैरी होते काय? तसे म्हणण्यास आधार नाही. त्यांना दगड हवा होता आणि दगड तेथे पडलेला होता. तो कोणाचा आहे, हे सांगणारा माणूस तेथे उभा नव्हता. ज्या वारशाला वारसदार नाही, त्याची खडी होते. सारनाथवरून घ्यावयाचा धडा हाच आहे.

कोणी म्हणेल, हे परकीय राज्यात घडले. आता लोकशाही आहे, कायदा आहे. ठीक आहे. तर मग लोकशाही असलेल्या आणि कायदा असलेल्या एका देशाचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्स नावाचे शहर आहे. त्या शहरात फ्रेंच क्वार्टर हा जुन्या वाड्यांचा प्रसिद्ध भाग आहे, आणि त्याला लागूनच ट्रेमे ही निग्रो लोकांची अतिशय जुनी वस्ती आहे. ‘निग्रो’ हा आपल्या जुन्या लिखाणातील शब्द झाला. ते लोक आज स्वतःस कृष्णवर्णीय अमेरिकन म्हणवितात, आणि आपणही तसेच म्हणणे उचित. गुलामगिरीच्या काळात दर रविवारी गुलाम जेथे एकत्र जमत, गात आणि नाचत, ते काँगो स्क्वेअर याच ट्रेमेत आहे.

या शहरासाठी १९४६ साली एक योजना मांडली गेली, तीत नदीकाठाने फ्रेंच क्वार्टरला लागून उंच खांबांवरील द्रुतगती मार्ग सुचविला होता. पुढे ट्रेमेतील क्लेबर्न ॲव्हेन्यूवरूनही तसाच मार्ग नेण्याचे ठरले. रेघा दोन, शहर एक, काळही एक. आता निकाल पाहा. फ्रेंच क्वार्टरच्या रक्षणासाठी १९३६ सालीच राज्याच्या घटनेत दुरुस्ती झालेली होती, आणि १९६५ साली त्या भागाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळालेला होता. त्याच्या बाजूने लेखक, वकील व संस्था उभ्या राहिल्या. १९६९ च्या जुलै महिन्यात केंद्रीय वाहतूकमंत्री जॉन व्होल्पी यांनी तो नदीकाठचा मार्ग रद्द केला.

क्लेबर्न ॲव्हेन्यूवर मोठमोठ्या ओक वृक्षांच्या रांगा होत्या. त्यांच्या सावलीत कृष्णवर्णीय कुटुंबे सणाला जमत, आणि दोन्ही बाजूंना त्यांची दुकाने होती. १९६६ च्या आरंभी ते वृक्ष तोडण्यात आले. मागोमाग काँक्रीटचा उंच मार्ग उभा राहिला. तो आजही त्या वस्तीच्या डोक्यावर उभा आहे. एका वस्तीचा इतिहास सरकारी यादीत नोंदलेला होता, दुसरीचा केवळ तिच्या माणसांच्या स्मरणात होता. यादीतला वाचला. स्मरणातला चिरडला गेला. अस्पृश्यतेचा अनुभव ज्यांच्या घराण्यांत आहे, त्यांना यातील मर्म अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

त्याच १९६६ सालच्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे ते वृक्ष पडल्यावर काही महिन्यांनी, अमेरिकेत दोन कायदे झाले. एकाने ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही निर्माण केली, आणि केंद्र सरकारच्या पैशाने होणाऱ्या कामाचा अशा स्थळांवर काय परिणाम होईल याचा विचार आधी करणे बंधनकारक केले. दुसऱ्याने असे ठरविले की, दुसरा व्यवहार्य आणि शहाणपणाचा मार्ग उपलब्ध असेल तर महामार्गासाठी ऐतिहासिक स्थळ घेता येणार नाही. तरीही एक उणीव राहिली. हा विचार एकेका कामापुरता, तोही रस्त्याची जागा जवळजवळ ठरल्यावर होई. ती उणीव भरून काढण्यासाठी २००५ च्या कायद्याने असे सांगितले की, महानगर प्रदेशाची २० वर्षांची वाहतूक योजना करतानाच वारसा जतन करणाऱ्या कचेऱ्यांशी विचारविनिमय करावा, आणि योजनेचा नकाशा ऐतिहासिक स्थळांच्या याद्यांशी ताडून पाहावा.

या तरतुदीचे महत्त्व ध्यानात घ्या. रेघ कागदावर असते तेव्हा ती खोडावयास रबर पुरतो. भूसंपादन झाले, ठेका दिला गेला, खांब उभे राहिले, म्हणजे तीच रेघ हलविण्यास कोट्यवधी रुपये आणि न्यायालयाची वर्षे लागतात. आणि मग अधिकारी म्हणतो, आता उशीर झाला. उशीर झाल्यावर मिळते ती फक्त माफी. सेंट पॉल शहरातील राँडो ही कृष्णवर्णीयांची वस्ती महामार्गाने मधोमध चिरली गेली होती. २०१५ साली शहराचे महापौर आणि राज्याचे वाहतूक आयुक्त यांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली. माफी मागणे चांगलेच. पण माफीने कोणाचे घर परत आले नाही.

आता आपल्या घराकडे वळू. आपण रस्त्यांचे शत्रू आहोत काय? मुळीच नाही. ज्या लोकांना सार्वजनिक रस्त्याने चालण्यास मज्जाव होता, ज्यांना १९२७ साली महाडच्या सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, ते लोक रस्त्याला विरोध कसा करतील? आपल्या मुलांना शाळेत, आजाऱ्याला दवाखान्यात आणि मजुराला कामावर नेणारा रस्ता आपल्याला हवाच आहे. शिवाय रस्ता आणि वारसा यांचे मूळचे वैर नाही. जुन्नरची लेणी नाणेघाटाच्या वाटेमुळे झाली. कार्ले आणि भाजे येथील लेणी बोरघाटाच्या बाजूने जाणाऱ्या व्यापारी मार्गाच्या आश्रयाने झाली. कार्ल्याच्या शिलालेखांत व्यापाऱ्यांची आणि कारागिरांची दाने कोरलेली आहेत. महाडजवळची गांधारपाल्याची लेणी तर आज मुंबई-गोवा महामार्गावरून दिसतात. ज्या वाटांनी विहारांना जन्म दिला, त्यांच्याच वारस असलेल्या वाटांनी विहार गिळावेत, हे घडू नये एवढीच आपली मागणी आहे.

आपल्या देशात १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीने राष्ट्रीय महत्त्वाच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई केली, आणि त्यापुढील २०० मीटरांत परवानगीची अट घातली. लेण्यांना याचा मोठा आधार आहे. परंतु याच कायद्याच्या व्याख्येप्रमाणे प्राचीन स्मारक निदान १०० वर्षांचे असावे लागते. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या आजोबांनी वर्गणी काढून बांधलेला गावचा पहिला विहार त्यात बसत नाही. ज्या विहिरीवर आपल्या लोकांनी पहिल्यांदा पाणी भरले ती विहीर, आणि बाबासाहेबांची सभा जेथे झाली ते मैदान, यांचेही बहुधा तसेच. राजांचे किल्ले यादीत सहज जातात. आपला इतिहास शंभर वर्षांच्या आतला आहे आणि तो मातीच्या भिंतींचा आहे.

पण दार अगदीच बंद नाही. महाराष्ट्राचा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम हाही १९६६ चाच. प्रादेशिक योजनेत काय काय असावे, हे त्याचे कलम १४ सांगते. त्यात रस्ते, महामार्ग आणि रेल्वे आहेत. आणि त्याच कलमात ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू व स्थळे जतन करणे हेही आहे. म्हणजे वाहतूक आणि वारसा यांचा विचार एकाच योजनेत, एकाच टेबलावर व्हावा, यासाठी कायद्यात जागा आहे. अशी योजना प्रारूप म्हणून प्रसिद्ध होते आणि लोकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. प्रश्न एवढाच की, त्या मुदतीत आपला अर्ज तेथे असतो काय?

म्हणून आपणांस माझी विनंती आहे. आपणांपैकी पुष्कळांच्या घरी धम्म नुकताच आला आहे. प्रत्येक गावातील दोन-चार शिकलेल्या मुलामुलींनी एक वही करावी. तीत आपल्या गावची लेणी, स्तूपाचे टेकाड, विहार, विहीर, सभेची जागा, दफनभूमी यांची नोंद करावी. प्रत्येक जागेचा गट नंबर लिहावा, छायाचित्र जोडावे. म्हाताऱ्या माणसांना विचारून काय, केव्हा, कोणामुळे झाले ते त्यांच्या शब्दांत उतरवून घ्यावे, आणि जेथे खात्री नसेल तेथे तसे लिहावे. कारण एक खोटी नोंद दहा खऱ्या नोंदींना बुडविते. मग ग्रामसभेत ठराव करून घ्यावा, आणि तो नगररचना कार्यालयास, जिल्हाधिकाऱ्यांस व पुरातत्त्व विभागास देऊन पोच घ्यावी. रस्त्याची चर्चा सुरू होण्याची वाट पाहू नये.

प्रत्येक जुनी भिंत राहिलीच पाहिजे, असा हट्टही धरू नये. कधी रस्ता थोडा वळविता येईल, कधी वरून पूल नेता येईल, आणि कधी लोकहितासाठी वास्तू जाऊ द्यावी लागेल. पण जाण्यापूर्वी तिची मोजमापे, चित्रे आणि कहाणी जतन झाली पाहिजे, आणि हा निर्णय आपल्याला विचारून झाला पाहिजे.

सारनाथच्या त्या ४८ मूर्ती पाण्यात गेल्या तेव्हा ‘थांबा, हे आमचे आहे’ असे म्हणणारे कोणी नव्हते. आज आपण आहोत. रेघ ओढली जाण्यापूर्वी एवढे शब्द नकाशावर लिहिले गेले पाहिजेत, आणि ते लिहिण्याचे काम आपल्या हातचे आहे.

जय भीम!