माशीला औषधाची सवय होते का?

 

मागच्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एका ताईने अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी, असं विचारलं तर म्हणाली, "दोडक्याच्या फवारणीसाठी. आधी एका फवारणीत भागायचं. आता तीन झाल्या तरी फळमाशी हटत नाही. दुकानदार म्हणतो, डोस वाढवा."

त्यावर एक काकू म्हणाल्या, "अगं, किडीला औषधाची सवय होते. आपल्याला नाही का तंबाखूची होत?" सगळ्या हसलो. पण खरंच सवय होते का, हा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. कर्ज गटाच्या पैशातून जाणार होतं. म्हणून आम्ही विचारपूस केली, वाचलं. जे कळलं ते आज सांगतो.

उत्तर सापडलं ते एका लहान माशीकडे. पिकलेल्या केळ्यांवर, आंब्याच्या कोयींवर घोंघावतात ती चिलटं, काही जणी त्यांना घुंगुरटी म्हणतात. दोडक्यातली फळमाशी वेगळी, ती मोठी असते. पण प्रयोगशाळेत शंभर वर्षांहून जास्त काळ या चिलटांचाच अभ्यास चालला आहे. कारण सोपं आहे. पंचवीस अंश तापमानात अंड्यापासून उडती माशी व्हायला दहाच दिवस लागतात, आणि एक मादी शेकडो अंडी घालते. आपल्या आजीपासून नातीपर्यंत पन्नास वर्षं जातात, त्यांच्यात तेवढं वीस दिवसांत होतं. म्हणून पिढ्यांमध्ये काय बदलतं ते डोळ्यांसमोर दिसतं.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया नावाचं राज्य आहे. तिथे सफरचंद आणि पीचच्या बागा आहेत आणि हिवाळ्यात बर्फ पडतो. शास्त्रज्ञांनी तिथल्या बागेतली चिलटं वसंतात पकडली, पुन्हा पानगळीच्या आधी पकडली, असं काही वर्षं केलं. वसंतातली चिलटं काटक निघाली. थंडी, उपासमार जास्त सोसणारी. बरोबरच आहे, ती हिवाळ्यातून वाचलेल्यांची लेकरं होती. उन्हाळ्यात फळांची रेलचेल असते. तेव्हा काटकपणाला भाव नाही, लवकर वाढून भरपूर अंडी घालणाऱ्यांची चलती. म्हणून हंगामाच्या शेवटी त्यांचीच लेकरं जास्त. पुन्हा बर्फ पडला की पारडं फिरतं. जनुकं, म्हणजे आई-बापाकडून लेकराला मिळणाऱ्या सूचना. त्यांत शेकडो ठिकाणी हे हेलकावे दिसले. 2014 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला.

पण हा योगायोग नसेल कशावरून? म्हणून त्याच राज्यातल्या फिलाडेल्फिया शहरात उघड्यावर जाळीचे दहा मोठे पिंजरे केले. प्रत्येकात पीचची बुटकी झाडं लावली, सुरुवातीला हजार-हजार माश्या सोडल्या. जुलै ते नोव्हेंबर, चारच महिने. योगायोग असता तर प्रत्येक पिंजऱ्यात वेगळंच काही घडलं असतं. पण दहा पिंजऱ्यांतल्या माश्या साधारण एकाच दिशेने बदलत गेल्या, आणि हवामान पालटलं तशी दिशाही पालटली. हे 2022 साली छापून आलं.

आता नीट लक्ष द्या. यात एकही माशी काही शिकली नाही. एकीलाही थंडीची सवय होऊन ती सवय लेकरांत उतरली, असं झालं नाही. काटक माश्या कळपात आधीच थोड्या होत्या. थंडीने बाकीच्या नेल्या, या उरल्या, आणि पुढची पिढी यांची झाली. आपण गव्हाला चाळण लावतो. चाळणीने दाणा मोठा होत नाही, बारीक दाणा खाली पडतो आणि मोठा वर उरतो. थंडी ही तशी चाळण आहे. उपासमार ही चाळण आहे. आणि फवारणीसुद्धा चाळणच आहे.

डीडीटीचं उदाहरण घ्या. जगभर ते फवारलं गेलं आणि जगभर चिलटं त्याला पुरून उरली. का, ते 2002 साली उलगडलं. चिलटांच्या अंगात विष मोडून टाकणारं एक जनुक असतं. काही माश्यांमध्ये त्या जनुकाशेजारी एक उपरा तुकडा येऊन बसला होता. त्यामुळे ते जनुक जास्त जोराने काम करायचं. देशोदेशीच्या माश्यांत हाच तुकडा सापडला. डीडीटीने बाकीच्या माश्या मारून या माश्यांना रान मोकळं करून दिलं होतं.

पुढची गोष्ट आपल्या जास्त कामाची. हेच जनुक इमिडाक्लोप्रिडलाही दाद देत नाही. ते डीडीटीपेक्षा अगदी वेगळं औषध, आपल्याकडे सर्रास मिळतं. म्हणजे एका विषाच्या चाळणीतून उरलेली माशी दुसऱ्या विषालाही भारी पडू शकते. आपल्या कापसावरच्या गुलाबी बोंडअळीने बीटी वाण पचवला, तोही याच वाटेने.

तर काकू, माशीला सवय होत नाही. आपणच फवारून फवारून चिवट माशी निवडतो आणि तिला बियाण्यासारखी राखतो. डोस वाढवला की चाळण आणखी कडक होते, आणि त्यातूनही उरेल ती आणखी चिवट. खर्च वाढतो, विष आपल्या हाताला आणि लेकरांच्या ताटात येतं, ते वेगळंच.

मग करायचं काय? एकाच चाळणीवर विसंबायचं नाही. फळमाशी अंडी घालते फळाच्या आत, अळी वाढते आत. तिथे वरची फवारणी पोचतच नाही. नंतर अळी मातीत उतरून कोषात जाते. म्हणून किडलेली, गळालेली फळं रोज वेचायची आणि खोल खड्ड्यात पुरायची, बांधावर फेकायची नाहीत. कामगंध सापळे लावायचे. दोडका, कारली, काकडीला क्यू ल्यूरचे. आंबा, पेरूला मिथाईल युजेनॉलचे. यात नर अडकतात. सापळ्यातून सुटलेली माशी फळं वेचण्यात सापडते, तिथून सुटलेली आणखी कशात. सगळ्यांतून पार होणारी माशी क्वचित.

फवारावंच लागलं तर सारखं तेच औषध नको. बाटलीवर मोठ्या अक्षरात कंपनीने दिलेलं नाव असतं, खाली बारीक अक्षरात घटकाचं नाव असतं. ते वाचा. मोठं नाव बदललं आणि घटक तोच राहिला, तर पैसे गेले आणि चाळण तीच राहिली. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. आणि कोणत्या घटकानंतर कोणता घ्यायचा, ते कृषी सहायकांना विचारा.

एक मात्र लक्षात ठेवा, माशीला बांध कळत नाही. एकीने फळं वेचली आणि शेजारणीने फेकली, तर उपयोग नाही. हे काम शिवाराचं, म्हणजेच गटाचं.

आमच्या ताईला आम्ही कर्ज दिलं, पण फवारणीसाठी नाही. तिच्या शेजारच्या चौघींना बरोबर घेतलं आणि सापळे एकत्र आणले. रविवारी सगळ्या मिळून गळकी फळं वेचतात, बाकीचे दिवस आपापली. दोडका अजून चालू आहे. नफा-तोटा हंगाम संपल्यावर वहीत मांडू आणि इथे येऊन सांगू.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा: या हंगामात औषधावर किती कर्ज गेलं, आणि घटक कोणता होता?