सुभेदार रामजी : एक पेन्शनर बाप
(२ फेब्रुवारी रोजी विहारात झालेल्या भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना प्रथम वंदन करतो. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या तारखा आपल्यापैकी कुणाला सांगाव्या लागत नाहीत. पण २ फेब्रुवारी येते आणि निघून जाते. १९१३ साली याच दिवशी सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे मुंबईत निधन झाले. आज आम्ही बाबासाहेबांवर बोलणार नाही, त्यांच्या बापावर बोलणार आहोत. शिपाईगडी, मुलाबाळांचा धनी आणि म्हातारपणीही हातपाय न थांबवलेला एक पेन्शनर.

रामजीबाबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आंबडवे, मंडणगड तालुक्यातले. बाप मालोजीही पलटणीतच होते. आणि भीमाई कुठल्या? आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडच्या, मुरबाडकर घराण्यातल्या. कल्याणहून मुरबाडची एस.टी. पकडताना हे आपल्या ध्यानात असते का? त्यांचे माहेरही लष्करी, सुभेदारांचे. रामजीबाबा लष्करी शाळेत १४ वर्षे मुख्याध्यापक होते. महूच्या छावणीत १८९१ साली भीमराव जन्मले, ते चौदावे अपत्य. त्या चौदांतली जगली किती? तीन मुलगे आणि दोन मुली. बाकीची या माऊलीने आणि या शिपायाने मातीत ठेवली.

आता विचार करा. १८९२ साली सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. ज्या सैन्यात बापाची आणि स्वतःची हयात गेली, त्याच सैन्याने आपल्या मुलांना दार लावले. रामजीबाबा स्वस्थ बसले नाहीत. न्यायमूर्ती रानड्यांकडे गेले आणि सरकारकडे पाठवायचा अर्ज लिहून देण्यासाठी त्यांची मदत मागितली. यश काही आले नाही. महार रेजिमेंट उभी राहिली १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला. तोवर रामजीबाबांना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती.

पेन्शन घेतल्यावर दापोली, मग सातारा. साताऱ्यात भीमाई वारल्या. घरात पोरकी पोरे, आणि बाप लांब खटाव तालुक्यात नोकरीला. तिथे दुष्काळी कामावर तलाव खोदला जात होता, त्याचे हे खजांची. १९०१ साली मुले बापाला भेटायला निघाली, मसूर स्टेशनवर उतरली, पण न्यायला कुणीच नाही. पुढे त्या बैलगाडीच्या प्रवासात पाण्यावाचून काय हाल झाले ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवले आहे. मुलांनी आधी पत्र धाडले होते, पण शिपाई ते साहेबाला द्यायलाच विसरला. बापाला खबरच नव्हती. मुले रात्रभर तहानलेली राहिली हे कळल्यावर त्या माणसाला काय वाटले असेल? लिहिणाऱ्याने ते लिहिलेले नाही.

आपल्या वागळे इस्टेटमध्ये हे चित्र नवीन नाही. कंपनीला टाळे लागले, हिशेब मिळाला न मिळाला, आणि पंचावन्न-साठीचा माणूस दुसऱ्याच गेटवर वॉचमनचा गणवेश घालून उभा राहिला. आमचे वडील त्यातलेच. सकाळच्या पाळीला जाताना ते आम्हाला अभ्यासाला उठवून जायचे, आणि आम्ही त्यांची पाठ वळली की पुन्हा गोधडीत शिरायचो. आज सांगायला लाज वाटते.

रामजीबाबांचे उठवणे और होते. परळला डबक चाळीत एकच खोली. तिथेच चूल, तिथेच बिछाने. मुलाला लवकर निजवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, दोनला त्याला उठवायचे आणि मग त्या जागेवर आपण आडवे व्हायचे! पुस्तकाला पैसे नसले की हा सुभेदार लेकीच्या दारात जायचा. एकीकडे नसले तर दुसरीकडे. लेक अंगावरचा दागिना उतरवून द्यायची, तो मारवाड्याकडे गहाण पडायचा आणि पेन्शनच्या दिवशी सुटायचा. मंजुळा आणि तुळसा ही त्या बहिणींची नावे. थोरले बंधू आनंदराव यांना शाळा सोडून कामाला लागावे लागले, कारण दोघांचे शिक्षण पेलवणारे नव्हते. एका मुलाला शिकवायचे तर दुसऱ्याचे थांबवायचे, हा निर्णय बापालाच घ्यावा लागतो. तो बरोबर होता की नाही हे आज आपण सोयीने ठरवतो. आनंदरावांना कुणी विचारले होते का, कोण जाणे.

आणखी एक गोष्ट, जी आम्हाला फार लागली. भीमराव इंग्रजी चौथी पास झाले तेव्हा वस्तीतल्या लोकांनी सत्कार करायचे ठरवले. चरित्रकार ही सभा मॅट्रिकची सांगतात, पण बाबासाहेबांनी स्वतः १९५६ साली चौथी असे लिहिले आहे. रामजीबाबांनी चक्क नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल, परीक्षाच तर पास झालाय, असे त्यांचे म्हणणे. शेवटी स्नेही दादा केळुसकर मध्ये पडले, तेव्हा सभा झाली आणि त्याच सभेत केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्या मुलाच्या हाती दिले. आपल्या विहारातही आपण दहावी-बारावीचे सत्कार करतो. मुलाला हार घालतो, फोटो काढतो. बाप मागे दाराशी डब्याची पिशवी घेऊन उभा असतो, कारण त्याला दुसऱ्या पाळीला जायचे असते. आम्ही स्वतः कैक वर्षे ते सूत्रसंचालन केले, पण एकाही बापाला व्यासपीठावर बोलावले नाही.

बी.ए. झाल्यावर भीमराव बडोद्याला नोकरीला निघाले. रामजीबाबांच्या मनात ते नव्हते. त्यांनी विरोध केला, तरी मुलगा गेला. थोड्याच दिवसांत तार आली, वडील अत्यवस्थ. परतताना सुरत स्टेशनवर बापासाठी मिठाई घ्यायला मुलगा उतरला आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी तो घरी पोचला. तो म्हातारा वाट पाहत होता. मुलाला डोळे भरून पाहिले, पाठीवरून हात फिरवला, आणि संपले. मिठाईचे काय झाले ते कुणी लिहिलेले नाही.

दहा वर्षांनी, १९२३ साली, बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा इंग्रजी ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. त्याची अर्पणपत्रिका आईवडिलांच्या नावे आहे. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसले, त्याची ती आठवण. मंडळाच्या कपाटात ते पुस्तक असेल तर पहिली पाने उघडून बघा. नसेल तर पुढच्या वर्गणीतून आधी ते घेऊ या.

जयभीम, नमो बुद्धाय.