‘फार’ म्हणजे किती लांब?



मला इंग्रजीविषयी बोलण्यास सांगण्यात आले आहे. व्याकरण उघडून बसलो तर पालक उठून जातील, आणि मुले केवळ उठता येत नाही म्हणून बसून राहतील. तेव्हा एकच शब्द घेतो: ‘फार’. अर्थ तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. दूर, लांब.

पहिली अडचण अशी की, हा शब्द आपल्या मराठीतही आहे. मराठी ‘फार’ संस्कृत ‘स्फार’पासून आला, अर्थ पुष्कळ. इंग्रजी ‘फार’चा संस्कृतातला नातलग म्हणजे ‘पर’, आपल्या ‘परदेशा’तला. उच्चार एक, कुळे दोन! तरी गंमत पाहा, इंग्रज ‘फार बेटर’ म्हणतो तेव्हा त्याला ‘फारच बरे’ असेच म्हणायचे असते. मात्र ‘फार गुड’ तो म्हणत नाही. तिथे तुलना लागते. आमची मुले नेमकी इथे घसरतात.

दुसरी चूक तर उत्तरपत्रिकांत दरवर्षी भेटते: ‘माय स्कूल इज थ्री किलोमीटर्स फार.’ विद्यार्थी मित्रांनो, आकडा आला की ‘फार’ला रजा द्या आणि ‘अवे’ लिहा. विचारताना ‘हाऊ फार’, नाकारताना ‘नॉट फार’. साध्या होकारार्थी वाक्यात बोलताना बहुधा ‘अ लाँग वे’ येते.

‘सो फार’ म्हणजे बहुतेक वेळा आजपर्यंत. ‘फार फ्रॉम ईझी’ म्हणजे मुळीच सोपे नाही. ‘टू फार’ जाणे म्हणजे मर्यादा ओलांडणे. ‘फार्दर’ आणि ‘फर्दर’ अंतरासाठी दोन्ही चालतात, पण ‘पुढील शिक्षण’ म्हणायचे तर ‘फर्दर एज्युकेशन’च.

पुढील शिक्षणावरून एक प्रसंग सांगतो. सातवीतल्या एका मुलीच्या प्रगतिपुस्तकावर बाईंनी शेरा लिहिला: ‘शी विल गो फार.’ वडिलांनी तो शेजारच्या मुलाकडून वाचून घेतला. त्याने अर्थ सांगितला, ‘ही लांब जाईल.’ दुसऱ्या दिवशी ते माझ्यापुढे हजर. “सर, मुलीला आम्ही लांब पाठवणार नाही. बाईंना सांगा, असे लिहू नका.”

मी म्हटले, “भाईजान, याचा अर्थ ती नाव काढील.”

ते हसले, पण खुर्चीवरून उठले नाहीत. म्हणाले, “नाव काढील हे ठीक. पण गावात सातवीपुढे शाळा नाही. हायस्कूल अकरा किलोमीटरवर. संध्याकाळची एस.टी. आली तर आली. मग लांब जाणे आलेच की!”

शेजारच्या मुलाने चुकीचा अर्थ सांगितला, असे त्यानंतर मला छातीठोकपणे म्हणता येईना. मी बद्रुद्दीन तय्यबजींचे उदाहरण दिले. १८६० साली, सोळाव्या वर्षी ते विलायतेस शिकायला गेले, १८६७ मध्ये मुंबई हायकोर्टातील पहिले हिंदी बॅरिस्टर झाले, आणि १८७४ मध्ये अंजुमन-इ-इस्लामच्या स्थापनेत पुढे होते. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “ते मुलगे होते, सर. आणि घरचे पैसेवाले.”

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मग आम्ही दोघे त्याच वाडीतल्या आणखी दोन घरी गेलो. एका घरी चहा मिळाला, दुसऱ्या घरी दारातच बोलणे झाले. जूनमध्ये तिन्ही मुली एकत्र एस.टी.त बसल्या. दिवाळीनंतर एकीचे येणे थांबले. दोघी दहावीपर्यंत गेल्या, आणि उशीर झाला की स्टँडवर उभे राहण्याची पाळी दोन घरांनी वाटून घेतली.

आज या मांडवात दूरच्या गावांहून आलेले पालक आहेत. ज्यांच्या मुली यंदा सातवी पास झाल्या आहेत, त्यांनी सभा संपल्यावर कार्यालयात आपले गाव आणि एस.टी.ची वेळ लिहून द्यावी. एका गाडीच्या तीन-चार मुली निघाल्या, तर त्यांच्या पालकांची तिथेच गाठ घालून देतो.