शरणपूरची मुलं आणि आपली मुलं

(नाशिक येथे वसतिगृहाच्या आधारदात्यांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)

 

वर्षाचा अहवाल आपल्या हातात आहे. दहावीचा निकाल आणि जमाखर्च त्यात छापलेला आहे, म्हणून तो मी वाचून दाखवत नाही. त्याऐवजी मला दोन प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत. पहिला प्रश्न दरवर्षी येतो : “आमच्या देणगीतून शिकलेली मुलं पुढे झाली काय?” दुसरा प्रश्न या वर्षी ठराव होऊन कमिटीपुढे आला आहे : “होळीला मुलांना घरी सोडू नये. चार-चार दिवस उशिरा येतात, अभ्यास बुडतो, आणि घरी जाऊन पुन्हा जुन्या रीतीत पडतात.” दोन्ही प्रश्न प्रेमापोटी विचारलेले आहेत. उत्तरासाठी आपल्याला फार लांब जायला नको. आपण ज्या शरणपूर रोडने रोज जातो-येतो, त्याच्या नावातच ते आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस यांनी नाशिकजवळ ख्रिस्ती वस्ती उभी केली आणि तिला शरणपूर हे नाव मिळालं. शरणपूर म्हणजे जिवाच्या भयाने धावत आलेल्याला आसरा देणारं गाव. त्या काळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून माणसं गुलाम म्हणून जहाजांत भरून नेली जात. इंग्रज आरमाराने समुद्रात अशी जहाजं पकडली की सुटलेल्या मुलांना मुंबईत आणत. मुंबईत रेव्ह. आयझेनबर्ग अशा मुलांचा सांभाळ करीत. 1860 साली तो आश्रम शरणपुरात हलवण्यात आला.

तिथला दिवस कसा जात असेल, हे वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही समजेल. प्रार्थना, धडे, आणि मग कारखान्यात हाताला काम. सुतारकाम होतं, लोहारकाम होतं. पुस्तक आणि रंधा दोन्ही त्याच मुलांच्या हातात. त्यांना नवी इंग्रजी नावंही मिळाली. आईने कोणत्या नावाने हाक मारली होती, हे बहुतेकांच्या बाबतीत आज कोणालाच सांगता येणार नाही.

1865 साली डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन नाशिकला आले. पुढच्या वर्षी ते शेवटच्या आफ्रिका प्रवासाला निघाले, तेव्हा त्यांच्या माणसांत या शाळेतले नऊ तरुण होते. लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशीत या मुलांविषयी बऱ्याच तक्रारी आहेत. काही जण वाटेतच साथ सोडून गेले. त्या वर्षी कोणी आधारदात्याने विचारलं असतं की मुलं झाली काय, तर शाळेला मान खालीच घालावी लागली असती.

1872 साली शरणपूरचे आणखी सहा तरुण मदतीसाठी गेले. त्यांत जेकब वेनराइट होता. 1 मे 1873 रोजी, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन खाटेशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळले. आता या माणसांवर हुकूम चालवणारा एकही गोरा साहेब तिथे नव्हता. सामान वाटून घेऊन पांगले असते तर विचारणारं कोणी नव्हतं. पण सर्वांनी मिळून ठरवलं की देह त्यांच्या लोकांकडे पोहोचवायचा. सामानाची यादी करायची होती, ती जेकबने लिहिली. हृदय झाडाखाली पुरलं तेव्हा अंत्यविधीची उपासना जेकबने वाचली. झाडाच्या खोडावर नाव आणि तारीख कोरली तीही जेकबनेच. मग सुसी आणि चुमा यांच्या नेतृत्वाखाली ही माणसं देह खांद्यावर घेऊन हजार मैलांच्या वर चालली आणि 1874 च्या फेब्रुवारीत समुद्रकिनाऱ्याला पोहोचली. 18 एप्रिल 1874 रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं. शवपेटीच्या मानकऱ्यांत आठ जण होते, आणि त्यांत आपल्या नाशिकच्या शाळेचा जेकब होता.

कोणते धडे कामाला आले पाहा. स्वच्छ वाचणं, नीट यादी लिहिणं, लाकडावर हत्यार चालवणं. रोजचेच, कंटाळवाणे धडे. अशा दिवसाची परीक्षा कोणी घेत नाही आणि त्याचा निकालही अहवालात छापून येत नाही.

आणखी एका विद्यार्थ्याचं सांगते. विल्यम जोन्स. तोही गुलामीतून सुटून शरणपुरात शिकलेला. 1864 मध्ये तो मोंबासाजवळच्या रबई मिशनात कामाला गेला. 1885 मध्ये त्याला दीक्षा मिळाली. त्याच वर्षी तो बिशप हॅनिंग्टन यांच्याबरोबर युगांडाच्या वाटेला लागला. बिशप मारले गेले. उरलेल्या माणसांना जोन्सने परत आणलं. रबईत शिरताना त्यांच्या निशाणावर एकच शब्द होता : ईखाबोद. शमुवेलाचं पहिलं पुस्तक वाचणाऱ्यांना त्याचा अर्थ सांगायला नको. त्याच रबईत मालकांपासून पळालेले गुलाम आसऱ्याला येत राहिले, आणि 1 जानेवारी 1889 रोजी अशा चौदाशेहून अधिक जणांना मुक्तीचे कागद मिळाले. शरणपुरात आसरा मिळालेलं मूल पुढे ज्या मिशनात राबलं, ते दुसऱ्यांचं शरणपूर झालं. पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे. शाळेचं फळ खरं, पण ते कधी आणि कुठे धरेल हे आपण ठरवत नाही.

आता होळीचा ठराव. लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर गेलेल्या त्या नऊ जणांत अब्राहम नावाचा एक होता. वाटेत एका गावी त्याचे नातलग भेटले. कळलं की त्याच्या मागे आई आणि बहिणीही विकल्या गेल्या. नातलग म्हणाले, इथेच राहा. अब्राहम राहिला नाही. जिथे आई नाही, बहीण नाही, तिथे राहून काय करू, असं त्याचं म्हणणं. शरणपूरच्या मुलांना परत जायला घरच उरलं नव्हतं. शाळा हेच त्यांचं घर झालं, कारण दुसरं नव्हतं.

आपल्या मुलांचं तसं नाही. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर त्यांचे आईबाप आहेत. दिवाळीनंतर त्यांतले कितीतरी जण दिंडोरी-निफाडला द्राक्षबागांच्या कामाला उतरतात, कोणी नाशिकला बांधकामावर येतं. वर्षभरात सगळं घर एका चुलीभोवती बसतं ते होळीला. आमच्या मुली फेब्रुवारी लागला की बोटांवर दिवस मोजतात. नागलीची भाकर आम्हीही देतो, खुरासणीची चटणीही देतो. पण आईच्या हातची आम्हाला कुठून देता येणार? आईबापाचा मान राखा ही आज्ञा आम्ही त्यांना रविवारी पाठ करून घेतो. मग ज्या आठवड्यात ती पाळायची, त्या आठवड्यात फाटकाला कुलूप कसं घालायचं? थिऑलॉजीच्या डिप्लोमाच्या वर्गात आम्हाला आज्ञा क्रमाने शिकवल्या होत्या. पाचवी आज्ञा होळीपुरती स्थगित होते, असं कोणी शिकवलेलं नाही.

यात व्यवहारही आहे. आमची एक माजी विद्यार्थिनी आज आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. अडलेली बाई रात्री दोनला आली तर ती तिच्याशी कोकणा बोलीत बोलते, आणि घाबरलेली बाई निम्मी तिथेच शांत होते. ही बोली आमच्या वर्गात शिकवलेली नाही. ती सुट्टी-सुट्टीत घरी जाऊन टिकली. दुसरा एक मुलगा पहिल्या खेपेला दहावी नापास झाला होता. त्या वर्षीच्या अहवालात तो केवळ नापासांच्या आकड्यात आहे. आज ग्रामसभेत तो 2006 च्या वनहक्क कायद्याचे अर्ज लोकांना वाचून दाखवतो, दाव्यांची यादी ठेवतो, पुराव्याचे कागद लावून देतो. लोक त्याच्या हातात कागद देतात, कारण तो त्यांच्यातला राहिला आहे. परका झाला असता तर वाचता येऊन काय उपयोग होता?

पाहुणे कौतुकाने विचारतात, सावरपाड्याची कविता राऊत 2010 मध्ये राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत धावून पदकं घेऊन आली, तशी तुमच्याकडे कोण? तशी एखादी निघाली तर आम्ही आनंदाने देवाचे उपकार मानू. तोवर उपकेंद्रातली नर्स आणि ग्रामसभेतला मुलगा आमच्या जमेच्या बाजूला लिहून घ्या.

म्हणून माझी विनंती आहे. कमिटीने हा ठराव मागे घ्यावा. चार दिवस बुडालेला अभ्यास आम्ही शिक्षक संध्याकाळी जादा बसून भरून काढू, हा माझा शब्द. आणि आपणांपैकी ज्यांना शक्य आहे त्यांनी एका मुलाच्या येण्या-जाण्याचं एसटीचं भाडं उचलावं. भाडं हातात असलं की आईबाप मुलाला वेळेवर आणून सोडतात. उशिराचं निम्मं कारण तेच असतं.

शरणपूरच्या मुलांना आपल्या आधीच्या मंडळींनी जे देता येत होतं ते सगळं दिलं. आई मात्र त्यांना देता आली नाही. आपल्या मुलांना देवाने ती ठेवली आहे. ती त्यांच्यापासून आपण तोडू नये, एवढंच. प्रार्थनेत आमच्या मुलांची आणि बागांत राबणाऱ्या त्यांच्या आईबापांची आठवण ठेवा. प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.