रीबूट करण्याआधी परतीचं तिकीट

आजचा विषय छोटा, पण झोप उडवणारा: लांबचं मशीन रीबूट कसं करायचं?

मी डोंबिवलीत बसतो, सर्व्हर ठाण्यात वागळे इस्टेटला. तसं जवळच. पण रात्री दोन वाजता फायरवॉलचा एक नियम चुकला आणि एसएसएच तुटलं, की तेच ठाणं दिल्लीएवढं लांब जातं. लोकल बंद, आणि तिथे वॉचमनकाकांशिवाय कोणी नाही. त्यांच्याकडे सर्व्हररूमची किल्ली नसते, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून नेटवर्कला हात लावण्याआधी मी चालू कॉन्फिगची कॉपी काढतो. मग 'ॲट' कमांडने 10 मिनिटांनंतरचं एक काम लावून ठेवतो: जुनी फाइल परत बसव आणि रीबूट हो. त्यानंतरच बदल करायचा. जुनं सेशन उघडंच ठेवून दुसऱ्या खिडकीतून नव्याने लॉगिन करायचं. आत शिरता आलं, तर लावलेलं काम रद्द. नाही आलं, तर चहा घ्या, मशीन आपणहून मागे येतं. नुसता रीबूट लावून भागत नाही हं! डिस्कवरची फाइलच बदललेली असेल तर मशीन उठून तीच चूक पुन्हा वाचणार.

ही युक्ती काही माझी नाही. जुनिपरच्या राउटरमध्ये 'कमिट कन्फर्म्ड' आहे. उबुंटूतलं 'नेटप्लॅन ट्राय' 120 सेकंद तुमच्या एंटरची वाट बघतं, नाहीतर बदल मागे घेतं.

नवा कर्नल असेल तर ग्रबला तो फक्त एकदाच बूट करायला सांगायचा, डिफॉल्ट जुनाच ठेवायचा. शिवाय पॅनिक झालं तर 10 सेकंदांत रीबूट हो, हेही सांगून ठेवायचं. नाहीतर ते तिथेच थिजून बसतं.

आणि वीज! 12 ऑक्टोबर 2020 आठवतोय? कळवा-पडघा केंद्रात एका सर्किटची देखभाल चालू, सगळा भार दुसऱ्यावर, आणि नेमकं तेच गेलं. मुंबई-ठाण्याची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी वीज परत येते, पण बायोसमध्ये 'वीज आल्यावर बंदच राहा' असं असेल तर मशीन उठत नाही. हे सेटिंग मशीन समोर असतानाच बघून घ्या.

आयपीएमआय असेल तर ते लांबूनही बदलता येतं, पण त्याचा पासवर्ड त्याच सर्व्हरवर ठेवू नका. आयपीएमआयला वेगळी इंटरनेट लाइन हवी का? माझ्या मते हवीच. खर्चाचं पुढच्या भागात बोलू.